गाडीची दोन तोंडं

ग्रां बुआ
१२ मार्च १९८४

चि. इंद्रा,

आशीर्वाद देते, पण दातओठ खाऊन देते आहे हे लक्षात ठेव.

भांडायचं असेल तर मराठीत भांडा आणि कागदावर भांडा, हा बाबांचा नियम तुला आठवत असेल. देवळातल्या संध्याकाळच्या मराठी वर्गात ते सगळ्यांनाच सांगायचे. बेटावरच्या क्रियोल बोलीत शिवी तोंडातून आपोआप सुटते, मराठीत ती आधी शोधावी लागते, तेवढ्यात निम्मा राग उतरतो म्हणायचे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. माझा राग उतरलेला नाही.

काल माझ्या पुष्पाचा साखरपुडा होता. तुझ्या नव्या गाडीचा नव्हता. कृष्णदेवच्या घरची माणसं काझ नोयालहून आली, तर तू त्यांना नवरी दाखवण्याआधी बॉनेट दाखवलंस. चार दारांची आहे पण शर्यतीच्या गाडीसारखी पळते, अमुक आहे, तमुक आहे. बरं, एवढ्यावर थांबायचं होतं. पुढच्या बंपरला ती दोन भोकं आहेत, त्यांत तू पिवळे दिवे बसवलेस, ते ह्यांच्या नजरेला पडलं. ह्यांनी काय वाईट सांगितलं? "इंद्रदेव, ही भोकं हवा आत घ्यायची आहेत, ब्रेक थंड राहावेत म्हणून. दिवे काढा." एवढंच. त्यावर तू सगळ्यांदेखत हसून म्हणालास, "दाजी, लॉरीवाल्याला लॉरीतलं कळतं. ही शोभेची भोकं आहेत."

वीस वर्षं साखर कारखान्याच्या गॅरेजात लॉऱ्यांखाली पाठ घासलेला माणूस आहे तो. ताटावरून उठला. व्याह्यांसमोर माझी मान खाली गेली.

आता ऐक. नवरीला मंडपात आणायचा मान मामाचा. लग्न काझ नोयालच्या देवळात, कारण कृष्णदेवचे आजोबा अंथरुणावरून उठत नाहीत. म्हणजे इथून डोंगरावर चढायचं आणि शामारेलचा उतार उतरायचा. हे म्हणतात, त्या गाडीत माझी मुलगी बसणार नाही. दिवे काढ. दोन स्क्रूंचं काम आहे.

तुझी ताई, देवकी


रोझ हिल
१७ मार्च १९८४

ताईस नमस्कार. साष्टांग नाही, उभ्यानंच.

उचलली जीभ लावली टाळ्याला असं मी केलं म्हणतेस, तर दाजींनी काय केलं? मी अकरा वर्षं बसच्या रांगेत उभा राहिलो. पावसात, चक्रीवादळाच्या इशाऱ्यात, कडेवर तापलेलं पोर घेऊन. आमच्या ऑफिसात मराठी माणसानं गाडी घेतली ती पहिली माझी. परत फ्रान्सला चाललेल्या साहेबाकडून घेतली, जुनी आहे, पण माझी आहे. ती मी माझ्या बहिणीच्या दारात आणतो आणि तिचा नवरा काय म्हणतो? छान आहे नाही, मुबारक नाही. वाकून बघतो आणि खोट काढतो! आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्यांची लॉरी धूर ओकते ती चालते.

ज्या दुकानात दिवे घेतले त्या माणसाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, आजकाल सगळ्या गाड्यांना अशी भोकं असतात, जोरात पळणारी दिसावी म्हणून. बायका कपाळाला टिकली लावतात तसंच. आणि त्या उतारावर धुकं असतं हे दाजींना ठाऊक नाही का? दिवे तुमच्या पुष्पासाठीच लावलेत.

मी दिवे काढणार नाही. आज दिवे काढा म्हणतील, उद्या चाकं काढा म्हणतील. बाबा नाहीत. आईला मी सांभाळतो. तुझ्या घरात माझा म्हणून एकच मान उरला आहे, मामाचा. तोही तुझा नवरा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काढायला निघाला आहे.

आपला, इंद्रदेव


ग्रां बुआ
२५ मार्च १९८४

इंद्रा,

टिकलीची उपमा अनुसयेला वाचून दाखवलीस का? नसशील. दाखव, मग जेवायला काय मिळतं ते मला कळव.

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं नाही, धुराचं गाळलं. हे रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मला अंगणात नेलं, दोन तळहात एकमेकांवर घासायला लावले. "गरम झाले? ब्रेक म्हणजे हेच. उतारावर सारखं घासत राहतं. वारा लागला तर निवतं. निवलं नाही तर पकड सुटते." ऊस भरलेली लॉरी उताराच्या तळाला गेली की कसा जळका वास येतो ते मलाही माहीत आहे. वीस वर्षं तो वास ह्यांच्या शर्टातून धुते आहे.

मधला मार्ग सांगते. समुद्राकाठच्या खालच्या रस्त्यानं या. लांब पडेल, पण सपाट आहे. तेही नको असेल तर लग्नाच्या एका दिवसापुरते दिवे काढ, दुसऱ्या दिवशी पुन्हा लाव, मी स्वतः तुला स्क्रू धरून देते.

दोन दिव्यांसाठी तू भाचीचं लग्न अडवतोस, इंद्रा. मला हे कुणाला सांगायचीही लाज वाटते.

आईला पंधरा दिवस आधी पाठव. हळद कुटायची आहे. आईच्या हाताशिवाय ती हळद लागणार नाही.

देवकी


रोझ हिल
९ एप्रिल १९८४

ताई,

पाडवा झाला, आता गोड बोलू.

काल रविवारी मी आईला घेऊन काझ नोयालला गेलो होतो. कृष्णदेवच्या आजोबांना अक्षत द्यायची होती. सपाट रस्ता होता, पण मी मुद्दाम डोंगरावरून गेलो आणि शामारेलचा उतार उतरलो. दोन्ही भोकांत दोन्ही दिवे होते. मागच्या सीटवर तांदळाचं पोतं, पुढं आई.

काय झालं? काहीही झालं नाही. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी खाली आली. आजोबांनी डोळे भरून बघितलं आणि मला मुलासारखं जवळ घेतलं.

हातच्या काकणाला आरसा कशाला? भोकं शोभेची आहेत हे सिद्ध झालं. दाजींना सांग, विषय संपला. मान माझा, गाडी माझी, रस्ता तोच.

आईला जरा सर्दी झाली आहे. ती आधी येऊ शकणार नाही. लग्नालाच येईल. तिची काळजी करू नकोस आणि उगाच बघायलाही येऊ नकोस, तुला तिथं हजार कामं आहेत.

तुझा भाऊ, इंद्र


ग्रां बुआ
१४ एप्रिल १९८४

माझ्या इंद्रा,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा देवापुढं साखर ठेवली. मग ह्यांच्याशी भांडले. असं भांडले की शेजारची हरिलालची बायको कपडे वाळत घालायचे थांबवून ऐकत उभी राहिली. एक महिना माझ्या भावाला माझ्या दारातून तोडलंत, म्हटलं. तुमच्या त्या वाऱ्यापायी आणि निवण्यापायी! माझी आई सत्तरीची, ती त्या गाडीत बसून उतार उतरली, आणि तुमच्या मुलीला काय सोनं लागलं आहे?

हे "बरं" म्हणाले आणि भात कालवत बसले.

तर झालं. पुष्पा तुझ्याच गाडीतून जाईल. तुझ्यावर मी उगाच आग पाखडली, विसरून जा. मी मोठी आहे, माझी चूक मी कबूल करते.

ह्यांना बुधवारी रोझ हिलला सोनाराकडून मंगळसूत्र आणायचं आहे. आईसाठी आल्याची वडी पाठवते आहे, सर्दीला बरी.

तुझी ताई


ग्रां बुआ
१९ एप्रिल १९८४

इंद्रदेव यांस,

मला पत्र लिहायची सवय नाही. देवकीला न सांगता लिहितो आहे.

काल तुमच्या घरी गेलो. तुम्ही ऑफिसात होता. गाडी दारात होती. मी अनुसयेला विचारून उजवं पुढचं चाक काढलं.

ब्रेकची चकती निळी पडली आहे. लोखंड आपोआप निळं पडत नाही. पॅड जळून कोळसा झाले आहेत. बंपरच्या खालच्या कडेला उसाचं कांडं अडकलं आहे, मुळासकट. तुम्ही गाडी धुतलीत पण खाली वाकून बघितलं नाहीत. रस्त्याच्या मध्ये कुणी ऊस लावत नाही.

मग आईंना वडी द्यायला आत गेलो. सर्दी असलेल्या माणसाच्या मनगटाला प्लास्टर कशाला? मी विचारलं. न्हाणीत पडले म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

आता माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलायचा अधिकार नाही. काल मी दिवे सैल करून दोन्ही भोकांत हात घातला. उजव्या भोकामागं रबरी नळी आहे, ती थेट चाकाच्या चकतीपर्यंत जाते. डाव्या भोकामागं काही नाही. नळी कुणीतरी कधीच काढून टाकलेली, नुसता पत्रा. म्हणजे डावं भोक आज खरंच शोभेचं आहे. साखरपुड्याला मी हात न घालताच बोललो. लॉरीच्या अनुभवावरून बोललो. तुम्हीही हात न घालताच बोललात. दोघांनी व्याह्यांसमोर तमाशा केला आणि भोकात हात एकानंही घातला नाही.

सगळा दोष दिव्यांचा आहे असंही मी म्हणणार नाही. ब्रेकचं तेल काळं झालं आहे. तुम्ही सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरला असणार, दुसरा गिअर टाकला नसणार. त्या गाडीला स्वतःला निववायला एक नळी उरली होती, तिच्या तोंडात तुम्ही दिवा कोंबलात.

पण हे सगळं दुरुस्त होतं. पॅड मिळतात, चकती मिळते. तुम्ही ताईला जे लिहिलंत ते कुठल्या गॅरेजात दुरुस्त करायचं? त्या पत्रावर विश्वास ठेवून ती माझ्या मुलीला त्या गाडीत बसवणार होती.

तीन दिवस थांबतो. तुम्ही स्वतः तिला लिहा. नाहीतर मी सांगेन.

जयराम


रोझ हिल
२२ एप्रिल १९८४

ताई,

हे पत्र बसून वाच. दाजी घरात असतील तेव्हा वाच.

मी खोटं लिहिलं. उतार नीट उतरलो नाही.

निम्म्यापर्यंत ठीक होतं. मग वास आला, तू लिहिला होतास तो, दाजींच्या शर्टाचा वास. मी आईला म्हटलं, कुणीतरी ऊस जाळतंय. एप्रिलात कुणी ऊस जाळत नाही हे तिलाही माहीत आहे. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय सरळ तळाला टेकला. खाली काही नव्हतंच. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. हाताचा ब्रेक ओढला, गाडी शेपटीवर हलली. गिअर मारला तो किंचाळला. शेवटच्या वळणाला समोर दरी आणि डाव्या हाताला ऊस, माणसापेक्षा उंच. मी उसात घातली.

ऊस उभा होता म्हणून आम्ही उभे आहोत. दोन महिन्यांनी कापणी झाली असती तर काय झालं असतं, ते रोज जेवताना आठवतं. आईनं पुढच्या फळीवर हात टेकला होता, तिचं मनगट मोडलं. शेतावरच्या माणसांनी गाडी ओढून बाहेर काढली. आजोबांकडे आम्ही पोचलोच नाही. अक्षत अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तू विचारशील, तेव्हाच खरं लिहिलं का नाहीस. रागापायी लिहिलं नाही. घाबरलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला राग फार सोपा पडतो. मी तिथं उसात उभा होतो, आईचा हात धरून, आणि मनात पहिला विचार काय आला सांगू? दाजी जिंकले. आईचं मनगट नंतर आठवलं. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण, मी स्वतःला त्याहून वाईट म्हणून झालं आहे.

दाजींवरही माझा राग आहे. त्यांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मी दिवे तिथंच काढले असते. व्याह्यांसमोर सांगितलं. पण हेही आता मीच म्हणतो आणि मलाच पटत नाही.

दिवे काढून टाकले आहेत.

इंद्रदेव


ग्रां बुआ
२४ एप्रिल १९८४

इंद्रदेव,

आशीर्वाद नाहीत.

तुझ्या खोट्या पत्रावर मी देवापुढं साखर ठेवली. तुझ्या खोट्या पत्रावर मी माझ्या नवऱ्याला नको ते बोलले, आणि तो "बरं" म्हणून भात कालवत बसला. तू आईला मोडलंस आणि वर मला लिहिलंस, सर्दी. मी तिला आल्याची वडी पाठवली! एका हातानं तिनं ती कशी उलगडली असेल?

तुला राग आला, भीती वाटली, मान गेला. सगळं तुझंच. माझी मुलगी त्या सीटवर बसणार होती. हातात हिरवा चुडा, अंगावर शालू. तुला ठाऊक होतं, चकती जळली आहे. पंधरा दिवस तुला ठाऊक होतं आणि तू गप्प होतास. मी "तुझ्याच गाडीतून जाईल" असं लिहिलं, ते पत्र हातात घेऊन तू कुठं बसला होतास? चहा पीत होतास का?

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुझ्या मुठीत माझी पोर होती.

तू लग्नाला येऊ नकोस. पुष्पाला चुलता आणेल मंडपात, नाहीतर ती एकटी चालत येईल. मामा नाही असं मी भटजींना सांगेन. आईला आणायला हे शनिवारी येतील.

देवकी


रोझ हिल
२८ एप्रिल १९८४

वन्सं, सासूबाई भावोजींबरोबर यायला तयार नाहीत. आधी पत्र घ्यायला सांगतात. त्या बोलतात तसंच लिहिते आहे, एकही शब्द माझा नाही. भावोजी दारात बसून आहेत, हे पत्र त्यांच्याच हाती देते. इकडचे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे आहेत, त्यांनाही ऐकावं लागतं आहे.
— अनुसया

देवकी, इंद्रा, आनि जयराम, तिघंबी ऐका. मला लिवता येत न्हाय म्हनून तुमी समजता मला भांडता येत न्हाय.

आयो, कसली मानसं तुमी! तुमचा बाप म्हनायचा, लिवून भांडा म्हंजे राग उतरंल. त्येला कुटं ठावं हुतं, तुमी लिवून लबाडी शिकाल म्हनून. इंद्रानं कागदावर लबाडी केली. म्या तोंडानं केली. न्हानीत पडली म्हनून जावयाच्या तोंडावर सांगितलं. लेकाची लाज झाकली आनि नातीचा जीव उगडा टाकला. ही माजी चूक, ती मी कुनाला देत न्हाय.

देवकी, तू म्हनतीस मामा न्हाय सांगीन. कुनाला इचारून? म्या तुला पाठीवर भाऊ दिला तो काय तू भटाला इचारून घेतलास? मामानं नवरीला आनायचं म्हंजे हाताला धरून बोहल्यावर आनायचं. त्यात लोतोचं, ह्या मोटारीचं, नाव कुटं हाय? माज्या लग्नात माजा मामा बैलगाडीच्या मागनं चालत आला, पायात चप्पल न्हवती. मला त्येचा हात आटवतो, गाडी न्हाय आटवत.

आता ठरलं ते सांगते. सगळी मानसं एका बशीतनं जायची, समुद्राकडच्या सपाट रस्त्यानं. देवकीनं पयलंच सांगितलं हुतं, ऐकलं कुनी? इंद्रा, तू आदी जाऊन ती अक्षत आजोबाच्या हातात ठेव, आनि लोतो कुटं घातली ते त्येंना खरं सांग. मग मंडपाशी हुबा ऱ्हा. पुष्पा बशीतनं उतरली की तिचा हात धर आनि चाल. लोतो न्हाय, दिवा न्हाय. चालताना सगळी तुज्याकडं बघतील आनि सगळ्यांस्नी ठावं असंल. तेवडं तुला चालायलाच पायजे.

जयराम, तू चार मानसांत बोललास. खरं बोललास, पन चार मानसांत बोललास. ती गाडी तूच दुरुस्त करायची, आनि इंद्रानं तुज्या संगं खाली झोपायचं, तेलात हात घालायचा, नळी सोता बसवायची. दोन्ही भोकांची.

हळद मी एका हातानं कुटीन. उजवा चांगला हाय.

आनि इंद्रा, त्या उतारावर तू सारका इचारत हुतास, आई घाबरलीस का, आई घाबरलीस का. मी न्हाय म्हनत हुते. फुडल्या फळीला धरून गप बसले हुते, मोडलं तवाबी गप बसले. गाडीत मी वरडली न्हाय, तुजे हात हलतील म्हनून.

आता वरडते हाय. ऐका.